ओढ्यापलीकडचा बैल

गेनूनं बैलाच्या कानामागं बोट घातलं, चिमटीत काहीतरी धरून ओढलं आणि दोन्ही अंगठ्यांच्या नखांमध्ये धरून टचकन चिरडलं. रक्त धोतराला पुसलं आणि पुन्हा कानामागं हात घातला.

मी घाणेरीच्या जाळीमागं उकिडवा बसून हे बघत होतो. फाल्गुन सरत आला होता. ऊन असं तापलेलं, की मानेवर कुणीतरी तवा ठेवल्यासारखं वाटत होतं. पण मला उन्हाचं काही नव्हतं. माझा जीव त्या बैलावर खिळला होता.

काय जनावर होतं! रंगानं कोसा, म्हणजे कोशाच्या रेशमासारखा पिंगट, छाती नगाऱ्यासारखी, पाय हरणाचे. शेपटीचा गोंडा जमिनीला टेकेल असा. आणि गेनू खैऱ्यानं तो अख्ख्या धामणवाडीपासून लपवून ओढ्यापलीकडं, त्याच्या मेलेल्या मावशीच्या पडक्या छपरात बांधून ठेवला होता.

मला तो सापडला कसा, तर सरकीमुळं. गेनूचा मोहऱ्या बैल घरामागच्या गोठ्यात असायचा. मग हा गडी भर दुपारी भिजलेल्या सरकीच्या दोन बादल्या घेऊन ओढ्याच्या बाजूला कुणाकडं जातो? दुसऱ्या कुणाच्या हे ध्यानात आलं नसतं. माझ्या आलं. कारण गेनू काय करतो, कुठं जातो, काय आणतो, यावर माझ्याइतकी नजर त्याच्या बायकोचीसुद्धा नव्हती.

आम्ही दोघं एकाच पावसाळ्यात जन्मलो, एकाच शाळेतून एकाच इयत्तेतून बाहेर पडलो. बांधाला बांध. पण माझ्याकडं जे म्हणून यायचं ते गेनूकडं आधी आलेलं असायचं, आणि बोटभर जास्त आलेलं असायचं. त्याच्या विहिरीला पाणी लागलं, मग माझ्या. त्याची टोमॅटो बाजारात गेली तेव्हा भाव, माझी गेली तेव्हा लाल चिखल. माझा बाप मरायला टेकला होता तेव्हा गेनू त्याला भेटून गेला, तर बाप मला म्हणाला, "धोंड्या, जरा गेन्यासारखं रहात जा." बापाचं शेवटचं शहाणपण ते. मी ते गिळलं, पण पचलं नाही कधी.

त्यात हे बैलगाड्यांचं वेड. शर्यतींवर बंदी यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. आमच्या देवाची यात्रा चैत्री पुनवेला. घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावर, चार बैलांची एकेक बारी पळायची, पुढं घोडी, बाजूला भंडारा उधळणारी माणसं, आणि सगळ्यात कमी वेळात निशाण गाठणारा गाडा त्या वर्षीचा घाटाचा राजा. गेली काही वर्षं हा मान गेनूच्या दावणीला बांधल्यासारखा झाला होता. माझा पाखऱ्या कमी नव्हता. पण पाखऱ्याच्या तोडीचा जोडीदार मला मिळत नव्हता. आणि इथं गेनूनं मोहऱ्या असताना वर हा कोसा आणून ठेवलेला!

डोंगराच्या घाटाखालून कुठून तरी आणला असणार. लांबून आलेलं जनावर गोचिडांनी भरलेलं होतं. कानात, गळ्याखाली लोंबणाऱ्या पोळीत, शेपटीच्या बुडाशी, नुसत्या मटक्या चिकटवल्यासारखं दिसत होतं. गेनू रोज दुपारी तिथं बसून एकेक गोचीड नखानं काढायचा, चिरडायचा आणि बैलाशी बोलायचा. मी रोज जाळीमागून बघायचो. कशासाठी? मलाही सांगता आलं नसतं. दुखऱ्या दातावर जीभ जाते तसा मी तिकडं जायचो.

चांगुणा, माझी मंडळी, एकदा म्हणाली, "अवो, रोज दुपारचं कुढं जाता?"

"ओढ्याला."

"ओढ्यात पानी न्हाई."

"म्हनूनच बघाया जातो, आलं का."

तिनं माझ्याकडं असं बघितलं, की मी टोपी उचलून बाहेरच पडलो.

पाडव्याच्या सुमारास गेनू आजारी पडला. थंडी वाजून ताप, डोकं फुटायची वेळ, अंग ठेचल्यासारखं. गावातल्या डॉक्टरानं सुया टोचल्या. ताप हटेना. मग अंगावर पुरळ उठलं. कुणी म्हणालं गोवर, कुणी म्हणालं कांजिण्या. भामावहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, कडुलिंबाचे टहाळे आणून बाजेखाली पसरले.

बातमी ऐकली तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात काय आलं? यात्रा तोंडावर आलीय, हे आलं. गेनू पडून, मग बारी कोण हाकणार, हे आलं. त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

मग हात धुताना एकदम आठवलं: कोशाला वैरण कोण घालत असेल?

घरात कुणाला तो बैल ठाऊक नव्हता. ठाऊक असणारच नव्हता. भामावहिनींचा सख्खा भाऊ सोपान माझ्या गाड्यावर होता, माझी घोडी तोच पळवायचा. बायकोला सांगितलं की भावाला कळणार, भावाला कळलं की मला. म्हणून गेनूनं तिलाही सांगितलं नव्हतं.

मी ओढा ओलांडून गेलो. या वेळी जाळीमागं थांबलो नाही. बैलानं गव्हाणीचं लाकूड कुरतडलं होतं. बादली कोरडी ठक्क, उलटी पडलेली. मला बघून तो हंबरला नाही, नुसती मान वर केली. मी पाण्याच्या खेपा केल्या. तो एका दमात बादली रिकामी करायचा आणि वर बघायचा. घरून कडब्याच्या पेंढ्या आणल्या, पाखऱ्याच्या वाटणीची सरकी आणली. तो खात होता तेव्हा मी त्याच्या पाठीवर हात फिरवला. कातडी थरथरली, लाट गेल्यासारखी. एवढ्या जवळून तो आणखीच देखणा दिसत होता आणि माझ्या काळजाला आणखीच घरं पडत होती. भुकेनं मरू द्यावा असं जनावर नव्हतं ते, दुसऱ्याचं असलं तरी.

दुसऱ्या दिवशी जनावरांच्या दवाखान्यातून गोचिडांचं औषध आणलं, पाण्यात कालवून कुंच्यानं त्याच्या अंगाला चोळलं. रोजचं जाणं सुरू झालं.

तिकडं गेनू शुद्धीत राहीना. आणि गावात वेगळीच कुजबुज उठली. भामावहिनींची सासू देवऋष्याकडं जाऊन आली होती. देवऋषी म्हणाला, "बाहेरचं न्हाई, बांधाचंच हाये. ज्याच्या दावणीला पांढरा बैल, त्याची नजर." पाखऱ्या दुधासारखा पांढरा होता आणि बांध माझा होता. पारावर मी गेलो की बोलणी थांबायला लागली. पिठाच्या गिरणीत बायका चांगुणेपासून पदर आवरून उभ्या राहिल्या.

चांगुणा घरी आली ती डबा आपटूनच. "तुम्ही काय केलंय का?"

"मी? मी काय करनार?"

"मग भाऊजींना बघाया का जात न्हाई? समदा गाव जाऊन आला. तालुक्याच्या दवाखान्यात हलवलंय त्यांना. मानूस मराया टेकलंय आन् तुमी वैरणीच्या पेंढ्या कुढं वाहताय? कडब्याची गंज निम्मी झाली, मला काय दिसत न्हाई?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं तिनं मला ओढतच तालुक्याला नेलं.

गेनूला बघून मी दारातच थबकलो. गेनू खैरे म्हणजे बैलाच्या वेसणीला लटकून बैल थांबवणारा गडी. तो खाटेवर चिपाडासारखा पडला होता. डोळे लाल, ओठांना खपल्या. पुरळ आता गर्द झालं होतं, तळहातांवर, तळपायांवरसुद्धा जांभळे ठिपके. उजव्या हाताची दोन बोटं टोकाशी काळवंडलेली. ओठ मात्र हलत होते.

"कोसा... कोशाला पानी..."

"हेच चाललंय," भामावहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज बसला होता. "कसला कोसा, कुनास ठाऊक. मपल्या लग्नात कोशाचा फेटा व्हता त्यांचा. तोच आठवत असंल."

चांगुणेनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. कोपऱ्यात सोपान उभा होता. यात्रेला माझी घोडी पळवणारा हा पोरगेला गडी, पण त्या दिवशी त्यानं मला रामराम घातला नाही.

तेवढ्यात डॉक्टर आल्या. पाटणकर मॅडम म्हणायचे त्यांना. नुकत्याच बदलून आल्या होत्या, चष्म्याची, बारीक अंगाची बाई. त्यांनी गेनूचे तळहात उलटेपालटे करून बघितले, हातातले कागद चाळले आणि भामावहिनींकडं वळल्या.

"वहिनी, परत विचारते. नीट आठवून सांगा. हिवतापाची तपासणी झाली, टायफॉइडची झाली, त्यात काही निघालं नाही. गोवर मला वाटत नाही. गोवरात तळपाय असे होत नाहीत. यांना गोचीड, पिसू असलं काही चावलं होतं का? घरात कुत्रं आहे? उंदीर मेले होते का घरात?"

"न्हाई वो. कुत्रं न्हाई, काय न्हाई."

"गोठ्यात? जनावरांच्या अंगावर गोचीड?"

भामावहिनी त्याही अवस्थेत ताठ झाल्या. "बाई, आमचा मोहऱ्या घाटाचा राजा हाये. त्याच्या अंगावर माशी बसू देत न्हाईत हे. आमच्या गोठ्यात गोचीड औषधाला घावायचा न्हाई."

मॅडमनी मान हलवली. "गोचिडाच्या चाव्यातून एक ताप येतो. त्यातले जंतू रक्ताच्या नळ्या नासवतात. त्याचं औषध वेगळं असतं. पण माझ्याकडं धरायला काही धागा पाहिजे. नाहीतर यांना पुण्याला हलवते. तिथवर टिकतील का, ते मात्र सांगवत नाही."

गेनू पुटपुटला, "पानी दे रं कोशाला..."

मी बाहेर आलो आणि नळाशी जाऊन तोंडावर पाणी मारलं.

सांगायचं तर काय सांगायचं? ओढ्यापलीकडं गेनूचा लपवलेला बैल आहे, त्याच्या अंगावर गोचीड आहेत, गेनू ते नखानं चिरडायचा. आणि तुला कसं ठाऊक रं धोंड्या? तर मी रोज चोरून बघायचो. त्या छपराशी माझ्या पावलांची वाट पडलीय. देवऋष्याचा शब्द आधीच माझ्या बोकांडी बसला होता. एवढं ऐकल्यावर माझ्या करणीला आणखी कसला पुरावा पाहिजे होता? आणि उद्या गेनू मेलाच तर गाव मला घरासकट जाळील. गप्प बसलो तर कुणाला काही कळायचं नाही. गेनू गेला असता तर त्याच्या आयुष्याच्या दोरीनं गेला असता. कोसासुद्धा बेवारस. पाखऱ्याच्या शेजारी कसा शोभला असता!

हे सगळं माझ्या डोक्यात आलं. मी तिथं उभा राहून डोळ्यांसमोर घाटसुद्धा बघितला. माझा गाडा सुसाट, भंडारा उडालेला, निशाण पडलेलं. मी मागं वळून बघतो, तर गेनूच्या जागेवर कुणीच नाही. मी जिंकलो ते कुणाला दाखवू? ज्यानं बघून तडफडावं असा एकच माणूस मला या जगात होता, आणि तो आत मरत होता.

मी आत गेलो.

"मॅडम, गोचीड व्हते."

भामावहिनींनी वर बघितलं. "भाऊजी?"

"मोहऱ्याच्या अंगावर न्हाई. ह्याचा दुसरा बैल हाये. ओढ्यापल्याड, मावशीच्या छपरात. कोसा. त्येचं नाव घेतोय हा, फेट्याचं न्हाई." माझा आवाज मलाच परका वाटत होता. "अंगभर गोचीड व्हते त्याच्या. गेनू रोज हातानं काढायचा आन् नखानं चिरडायचा. रगात धोतराला पुसायचा."

पुढचं कळायच्या आत सोपाननं माझी गचांडी धरली. "तू तिथं काय करत व्हता? दाजींनी माझ्या बहिनीला सांगितलं न्हाई आन् तुला कसं ठाऊक? आरं, देवऋषी खोटं बोलला न्हाई! बोल, काय पुरलंय तिथं?"

"काय पुरलं न्हाई. बघत व्हतो."

"काय बघत व्हता?"

"गेनूकडं."

"रोज?"

"रोज."

त्यानं हात उगारला. चांगुणा मध्ये पडली नाही. ती माझ्याकडं नुसती बघत होती, आणि कडब्याची गंज का उतरली ते तिच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडत होतं. मध्ये पडल्या त्या मॅडम.

"ते भांडण बाहेर जाऊन करा! तुम्ही थांबा इथं." त्यांनी मला दंडाला धरून पुढं ओढलं. "हे आजारी पडायच्या किती आधीची गोष्ट? आठवडा? नक्की?"

"आठवडा, जास्तच. पार आजारी पडेस्तोवर काढत व्हता."

त्यांनी नर्सला बोलावून गेनूला कुशीवर वळवलं. काखा बघितल्या, मान बघितली. धोतराच्या गाठीखाली कमरेशी वाटाण्याएवढी काळी खपली होती, भोवती लाल कडं. करगोटा काचून पडावी तशी ती खूण. भामावहिनी म्हणाल्या, "ती करगोट्याची हाये. आम्हाला वाटलं, घासून झालीय."

"हीच असावी ती जागा," मॅडम म्हणाल्या. "चावून गेलेला कळतसुद्धा नाही." मग भराभर औषधं सांगायला लागल्या. दाराशी पोचल्यावर मागं वळल्या. "आणि तुम्ही. त्या बैलाला हात लावलाय का?"

"वैरण घालतोय. औषधबी चोळलं."

"कधीपासून?"

"हा पडला तवापासून."

सोपानची वळलेली मूठ तेव्हा सुटली.

"उघड्या हातानं चिरडायचं नाही. चिमट्यानं काढायचा, हात साबणानं धुवायचे. आणि तुम्हाला ताप आला तर त्याच पावली इथं यायचं. यांच्यासारखं घरी पडून राहायचं नाही," मॅडम म्हणाल्या आणि गेल्या.

घरी आल्यावर चांगुणेनं मला अंगणात उन्हात उभं केलं, सदरा काढायला लावला आणि काखेपासून कानामागपर्यंत असं तपासलं, की शेजारची म्हातारी लाजून आत गेली. शेवटी म्हणाली, "मपल्याकडं येवढं बघितलं असतं, तर लुगड्याचा रंग तरी सांगता आला असता तुम्हाला."

मी डोळे मिटून म्हणालो, "हिरवं."

"निळं हाये," ती म्हणाली आणि आत गेली.

औषधानं गुण दिला. ताप आधी उतरायला लागला, मग गेनूनं डोळे उघडून बायकोला ओळखलं. पुरळ मावळलं. काळवंडलेल्या दोन बोटांची टोकं मात्र वाचली नाहीत. तो घरी आला तेव्हा यात्रा पुढ्यात आली होती. देवऋष्याचं नाव मग कुणी काढलं नाही, पण माझ्याशी आधीसारखं बोलायलाही लोक बिचकत होते. मीही गेनूच्या घराकडं फिरकलो नाही. त्यानंच बोलावणं धाडलं.

तो ओसरीवर तक्क्याला टेकून बसला होता. हाताला पट्टी. भामावहिनींनी चहा ठेवला आणि आत गेल्या.

"सोपान सांगत व्हता," गेनू म्हणाला. "जाळीमागं बसायचा म्हनं तू."

"व्हय."

"उन्हात?"

"व्हय."

"कशाला रं?"

मी बशीतला चहा फुंकत राहिलो. "जळायचो तुझ्यावर. आजबी जळतो. तुपला बाप जिता हाये, त्यावरबी जळतो."

गेनू हसायला लागला, पण छातीत कळ आली तसा थांबला. "आन् मी तुझ्यावर," तो म्हणाला.

"माझ्यावर? काय हाये माझ्याकडं?"

"पाखऱ्या हाये. गेल्या यात्रेला तो पळताना बघितला आन् मला झोप लागंना. त्याच्या तोडीचा शोधाया मी घाटाखाली गेलो, धा गावं हिंडलो. आन् तुला कळू नये म्हनून लपवून ठेवला. तुझ्यापायी आनलेला बैल तो, धोंड्या."

म्हणजे त्या गोचिडांपर्यंत मीच त्याला नेऊन बसवलं होतं, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

"मला काय औंदा घाटात उभं ऱ्हाता यायचं न्हाई," गेनू म्हणाला. "कोशाला आता तुझ्या हाताची सवय झालीय. पाखऱ्याशेजारी जुंप त्याला."

"आन् मोहऱ्या?"

"त्यालाबी घे. चौथा तुझ्या दावणीचा. गाडा दोघांचा."

पुनवेला आमची बारी सुटली तेव्हा गेनू घाटाच्या कडेला खाटेवर बसून होता. सोपाननं घोडी अशी पळवली, की माझी उडालेली टोपी मला शर्यत संपल्यावरच परत मिळाली. कोसा आणि पाखऱ्या, जणू एकाच गाईला झालेले. धुरळा बसला आणि भोंग्यातून आवाज आला. त्या वर्षी आमच्यापेक्षा कमी वेळ कुणीच लावला नव्हता. लोकांनी मला खांद्यावर घेतलं. वरून मला गेनू दिसत होता, पट्टीचा हात हवेत, चेहरा भंडाऱ्यानं पिवळा.

"घाटाचा राजा!" भोंगा ओरडला. "गेनूभाऊ खैरे आणि धोंडिभाऊ वाजगे यांचा गाडा!"

आणि माझ्या पोटात दुखलं.

घरी येताना मी चांगुणेला म्हणालो, "बैल हाकले म्या. वैरण घातली म्या. मग त्याचं नाव पहिलं का घेतलं?"

ती सातवी शिकलेली होती. डोक्यावरची भाकरीची पाटी सावरत ती म्हणाली, "क, ख, ग. मग ध कुढं येतो, मोजा तुम्हीच."

मी मोजत मोजत चाललो.